तिसऱ्यांदा विचारलं की हो

आमच्या घरात कुणीही पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणत नसे. सांगलीला शेजारच्या काकू आईला चहाला बोलवायच्या आणि आई म्हणायची, नको हो, आत्ताच झाला. वास्तविक सकाळपासून तिच्या पोटात चहाचा थेंब गेलेला नसायचा. काकू पुन्हा म्हणायच्या, आई पुन्हा नको म्हणायची. मग काकू आधण ठेवूनच टाकायच्या आणि आई "अर्धाच हं" असं म्हणत त्यांच्या ओट्याशी जाऊन उभी राहायची. तो चहा कधीही अर्धा आला नाही. यात कुणी खोटं बोलतंय असं ना आईला वाटायचं, ना काकूंना. एकदम हो म्हणणारा माणूस हावरट आणि एकदाच विचारणारा माणूस कंजूष, एवढं साधं गणित होतं ते. मी त्यातच वाढले.

पुढे शिकायला म्हणून न्यूझीलंडला गेले तेव्हा हे गणित बॅगेत कपड्यांबरोबर गेलंच. शिक्षण संपलं, ऑकलंडमध्ये नोकरी लागली, नवरा इकडची चांगली नोकरी सोडून तिकडे आला आणि मोबाईलच्या दुकानात उभा राहू लागला, मुलगी तिथल्याच अल्बनी भागातल्या शाळेत जाऊ लागली. ही सगळी दोन हजार सहा-सातच्या आसपासची गोष्ट. रस्त्याखालून पावसाचं पाणी नेणाऱ्या पाइपांचे आराखडे करणारी आमची कंपनी होती आणि मी तिथे कंत्राटावर होते. कंत्राटाला मुदत होती, माझ्या वर्क परमिटलाही मुदत होती. नोकरी कायम झाली तर रेसिडन्सीचा अर्ज पुढे सरकणार होता, नाही झाली तर चंबूगबाळं आवरून परत. परत जायला काय हरकत होती, असं लोक विचारायचे. हरकत काहीच नव्हती. मला जायचं नव्हतं, एवढंच. मला तिथलं काम आवडत होतं, मुलगी रुळली होती, आणि नवऱ्याने माझ्यापायी जे सोडलं होतं ते फुकट गेलं असं मला म्हणून घ्यायचं नव्हतं.

ऑफिसात माझा संबंध मुख्यतः दोन माणसांशी यायचा. एक आमचा मॅनेजर. तो अमेरिकन, टेक्ससचा. उंचापुरा, मोठ्याने हसणारा, हातात कायम बादलीएवढा कॉफीचा मग. दुसरा माझ्या शेजारच्या टेबलावरचा इंग्रज. साठीकडे झुकलेला, इंग्लंडमधल्या केंटहून आलेला, आमचे आराखडे तपासायचं काम करायचा. सुरुवातीला मला दोघं सारखेच वाटायचे. दोघंही गोरे, दोघंही इंग्रजी बोलणारे. आई तर फोनवर दोघांनाही नुसतं "तुझे साहेब" म्हणायची. ते दोघं एकमेकांपासून किती लांब आहेत हे मला कळायला डोनट आणि चहा कारणीभूत झाले.

शुक्रवारी मॅनेजर डोनटचं खोकं आणायचा. पहिल्याच शुक्रवारी खोकं माझ्यापुढे धरून म्हणाला, घे. मी म्हणाले, नको, थँक्यू. तो "ओके" म्हणाला आणि खोकं घेऊन पुढच्या टेबलाकडे निघून गेला. मी बघतच राहिले. त्यातला चॉकलेटचा मी मनात धरून ठेवला होता. पुढच्या शुक्रवारीही तेच झालं आणि तिसऱ्या शुक्रवारी तर त्याने विचारलंच नाही. हिला डोनट आवडत नाहीत हे त्याने लक्षात ठेवलं होतं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

इंग्रजाचं मात्र निराळंच होतं. दुपारी तो उठायचा आणि म्हणायचा, चहा करतोय, तुला? मी म्हणायचे, नको, ठीक आहे. "आर यू शुअर?" नाही, खरंच नको. "मी तसंही पाणी ठेवतोच आहे." बरं, ठेवताच आहात तर घेईन अर्धा कप. मग तो भरलेला मग आणून ठेवायचा. मी ऑकलंडमध्ये, समोर केंटचा म्हातारा, आणि संवाद थेट आमच्या सांगलीच्या ओट्यावरचा. त्या एका मगापायी मला ते ऑफिस आपलं वाटू लागलं.

त्या वर्षी आई आमच्याकडे राहायला आली. वडील जाऊन काही वर्षं झाली होती आणि सांगलीच्या फ्लॅटमध्ये ती एकटीच असायची. यायलाही तिने पुष्कळ आढेवेढे घेतले. मुलीच्या घरी किती दिवस राहायचं, जावई काय म्हणतील, माझं इथे काय अडलंय. शेवटी नवऱ्यानेच फोन केला तेव्हा आली. आल्यावर तिची पहिली चकमक माझ्या मुलीशी उडाली. आजीने तिसरी चपाती वाढायला घेतली, मुलीने ताटावर हात धरला, आजीने हात बाजूला करून वाढली. मुलगी शांतपणे म्हणाली, "आजी, आय सेड नो." आईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, तिला खरंच नकोय. आईला ते पटायला वेळ लागला. नको असेल तर नको म्हणायचं, ही तिच्या दृष्टीने भलतीच रीत होती.

अशातच आमच्या टीममधला सीनियर माणूस मेलबर्नला निघाला. त्याची जागा कायमची होती. मी त्या जागेकडे डोळे लावून बसले होते, पण तोंडाने कुणाला काही बोलले नव्हते. एका दुपारी मी प्रिंटरपाशी मोठा नकाशा गुंडाळत असताना मॅनेजर आला. म्हणाला, त्याची जागा रिकामी होतेय, कायमची आहे, तुला हवी आहे का?

आनंद अगदी गळ्यापर्यंत आला होता. आणि तोंडातून निघालं ते हे: "छे, माझ्यापेक्षा अनुभवी लोक आहेत इथे. मला अजून पुष्कळ शिकायचंय."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "स्पष्ट सांगितलंस ते बरं केलंस. थँक्यू." माझा हात हातात घेऊन हलवला आणि गेला.

मी त्या संध्याकाळी बसने हार्बर ब्रिजवरून घरी गेले ती हवेतच. काम झाल्यात जमा होतं. आई पोळ्या लाटत होती, तिला आधी सांगितलं. तू काय म्हणालीस, तिने विचारलं. मी म्हणाले, नको म्हणाले. "बरं केलंस," आई म्हणाली. "लगेच हो म्हटलं की हपापल्यासारखं दिसतं." नवऱ्याला जरा शंका आली. परत विचारेल ना तो, असं त्याने हळूच विचारलं. विचारेल की, असं आम्ही दोघी एका सुरात म्हणालो. मी तर पुढची तयारीही करून ठेवली. दुसऱ्यांदा विचारेल तेव्हा "विचार करून सांगते" म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारेल तेव्हा "तुम्ही एवढं म्हणताय तर" म्हणून मान तुकवायची.

त्याने विचारलंच नाही. रोज सकाळी हसून गुड मॉर्निंग म्हणायचा, मुलीची चौकशी करायचा, मासेमारीला गेलेला असला की माशांचे फोटो दाखवायचा. मी मुद्दाम त्याच्या केबिनवरून जायचे, प्रिंटरपाशी रेंगाळायचे. त्याचा माझ्यावर लोभ होता तसाच होता, फक्त त्या विषयावर तो गप्प होता. मग एके दिवशी सगळ्यांना मेल आली. त्या जागेसाठी बाहेर जाहिरात द्यायची आहे, कुणाच्या ओळखीत योग्य माणूस असेल तर कळवा. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

घरी आल्यावर सांगितलं तर आई पीठ मळता मळता थांबली. "एकदाच विचारलं? मग द्यायचं नव्हतंच त्याच्या मनात. विचारल्यासारखं केलं नुसतं."

मलाही ते शंभर टक्के पटलं. कसला लबाड माणूस, असं मी मनातल्या मनात त्याला पुष्कळ बोलून घेतलं. एकदा विचारून मोकळा, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. नवरा म्हणाला, सरळ जाऊन सांग की मला हवी आहे. मी त्याच्यावरच उखडले. नको म्हणून झाल्यावर आता हवी म्हणत कसं जायचं? काही लाजबीज असते की नाही? त्या बिचाऱ्याने मुलीच्या शाळेचे बूट पुसायला घेतले. ते बूट बघून मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंग्रज उठला. चहा करतोय, तुला? मी म्हणाले, नको. आर यू शुअर? हो, नको. मी पाणी ठेवतोच आहे. नको, खरंच नको.

तो जागचा हलला नाही. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "तिसऱ्यांदाही नको म्हणालीस. काय बिघडलंय?"

मला भरून आलं. मी सगळं सांगून टाकलं. प्रिंटर, मेल, परमिट, आई काय म्हणाली तेसुद्धा. तो ऐकत गेला आणि शेवटी त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, हसतोय. पण तो हसत नव्हता. म्हणाला, तुझ्या आईचं केंटमध्ये अगदी छान जमेल. आमच्याकडे हे असंच चालतं. पण हा टेक्ससचा आहे. तू नको म्हणालीस, त्याने नको ऐकलं, विषय संपला. त्याच्या मनात दुसरं काही नाही.

मग त्याने स्वतःची गोष्ट सांगितली. तरुणपणी तो काही दिवस अमेरिकेत कामाला होता. एका संध्याकाळी बर्फ पडत होतं, ऑफिसातल्या एकाने विचारलं, गाडीने सोडू का? हा म्हणाला, नको, जाईन मी चालत. तो माणूस "ओके, गुड नाइट" म्हणून गाडी काढून निघून गेला. हा बर्फातून चालत घरी गेला आणि रस्ताभर त्या माणसाला शिव्या देत राहिला. सकाळी तोच माणूस भेटल्यावर म्हणाला, तुला चालायची भलतीच हौस दिसते, मला कौतुक वाटलं तुझं.

मला हसू आलं, त्या दिवसातलं पहिलंच. इंग्रज म्हणाला, मी त्याच्याशी बोलू का? मी म्हणाले, नको, तुम्हाला कशाला त्रास. "त्रास कसला. बोलू?" नाही, बरं दिसणार नाही. "मी तसाही त्याच्याकडेच निघालोय, हे कागद द्यायला." मी म्हणाले, बरं, जाताच आहात तर.

तो उठला. त्याच्या हातात एकही कागद नव्हता.

केबिन काचेची होती. मला दिसत सगळं होतं, ऐकू काही येत नव्हतं. इंग्रज बोलत होता, मॅनेजर ऐकत होता. मॅनेजरने कॉफीचा मग खाली ठेवला. मान हलवली. माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने स्क्रीनकडे पाहू लागले आणि एकच पाइप तीन वेळा काढून तीन वेळा पुसला. मग इंग्रज बाहेर आला, माझ्याकडे न बघता चहा करायला गेला, आणि मॅनेजरने मला हाताने आत बोलावलं.

आत गेल्यावर तो म्हणाला, बस. मी बसले. 

"माझ्या आजीचा एक नियम होता," तो म्हणाला. "माणसाने नाही म्हटल्यावर पुन्हा विचारायचं नाही. पुन्हा विचारलं म्हणजे तू खोटं बोलतोस असं त्याला म्हटल्यासारखं होतं. मी तुला पुन्हा विचारलं नाही, कारण मी तुझा शब्द धरला."

 ज्याला मी कालपासून लबाड म्हणत होते तो माझा मान राखत होता. आमच्याकडे पुन्हा पुन्हा विचारून राखतात, त्याच्याकडे न विचारून. दोन आज्या, एक त्याची आणि एक माझ्या मुलीची, दोन नियम, आणि मध्ये माझी नोकरी लोंबकळत होती.

"आता त्याने मला सांगितलंय की तुला तीनदा विचारायचं," तो म्हणाला आणि खुर्चीत सरळ झाला. "ही जागा तुला हवी आहे का?"

"हो," मी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं.

"आर यू शुअर?"

 आता हा मागे तर घेत नाही ना? मी म्हणाले, हो, शुअर.

"हवी आहे का?" तो अगदी गंभीरपणे विचारत होता. शाळेत पाठ केलेलं म्हणावं तसं.

"हो," मी म्हणाले. "पहिल्यांदाही हवीच होती."

तो एवढ्या मोठ्याने हसला की बाहेरच्या माना वर झाल्या. मुलाखत रीतसर होईल, असं त्याने सांगितलं, आणि ती झालीही. पण त्या हसण्यातच माझा जीव भांड्यात पडला होता. टेबलाशी परत आले तर चहाचा मग येऊन बसला होता, काठोकाठ भरलेला.

नोकरी पक्की झाल्याचं कळलं त्या दिवशी मी जिन्यातून नवऱ्याला फोन केला.  तो म्हणाला, बाहेर जेवू या आज. घरी आईने देवापुढे साखर ठेवली. मुलीने विचारलं, "सो वी आर स्टेइंग?" आणि हो म्हटल्यावर ती "स्वीट ॲज", म्हणजे तिथल्या पोरांच्या भाषेत झकास, असं म्हणून पुन्हा टीव्हीपुढे जाऊन बसली. रात्री मला किती दिवसांनी गाढ झोप लागली. सकाळी अलार्म वाजला तोही ऐकू आला नाही.

दोघांना जेवायला बोलवायचंच होतं. एका रविवारी दुपारी ते आले. आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना मराठी कुठून येणार. आई पोळी घेऊन इंग्रजापुढे उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, घ्या. तो इंग्रजीत म्हणाला, नको, पुरे. आई म्हणाली, घ्या हो, एवढीशी तर आहे. तो म्हणाला, नाही, खरंच पोट भरलं. आई वाढणार असं दिसल्यावर त्याने बोटाने अर्धी दाखवली, आईने अख्खी वाढली, आणि त्याने ती तुपासकट संपवली. एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण कुणी कधी काय म्हणायचं ते दोघांना बरोबर ठाऊक होतं. आई स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, हा आपल्यातलाच आहे.

मॅनेजर मात्र पहिल्यांदा विचारलं की ताट पुढे करायचा. आई दचकायची. घ्या म्हणायचा अवकाश, की "यस, प्लीज". चार पोळ्या झाल्या, पाचवीला तो हसून नो थँक्यू म्हणाला. आईने हात पुढे नेला आणि मागे घेतला. माझ्या मुलीने तिच्याकडे बघून मान डोलावली. ते गेल्यावर आईने भांडी पुसायला घेतली. मग म्हणाली, "वाढायला बरा आहे तो. हो म्हणजे हो. आपल्याला डोकं चालवावं लागत नाही."

मग तिच्या परतीचे दिवस जवळ आले. आमचाच पाय तिथे टिकेल की नाही ते माहीत नव्हतं, तोवर तिला राहा म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. ज्याचं स्वतःचं घर उठायच्या बेतात आहे त्याने पाहुण्याला काय आग्रह करायचा? आता करता येत होता. तिचा व्हिसा वाढवून मिळण्यासारखा होता. पण आईचं उत्तर मला ठाऊक होतं. मुलीच्या घरी किती राहायचं, सांगलीचं घर बंद आहे, तुम्हाला कशाला त्रास. मी शनिवारी सकाळी मनाची तयारी करून तिच्यामागे परसात गेले. तीनदा विचारायचं ठरवलं होतं, लागलं तर दहादा.

ऊन छान होतं, वारा होता. ती नवऱ्याच्या जँडल्स, म्हणजे तिकडच्या रबरी चपला, घालून गवतात उभी राहून धुणं वाळत घालत होती. खांबावर छत्रीसारख्या पसरलेल्या दोऱ्या गोल फिरायच्या, ती एकेक कपडा लावून त्या पुढे ढकलायची. मी म्हणाले, "आई, आणखी राहा ना. पुढचा हिवाळा होईपर्यंत तरी."

तिने मुलीचा शाळेचा शर्ट झटकला आणि दोरीवर टाकला.

"बरं," ती म्हणाली. "राहते."

 पुढचं जे सगळं पाठ करून आणलं होतं ते आता कुणाला म्हणायचं? सवयीने माझ्या तोंडून निघालं, "नक्की ना?"

"एकदाच विचार," आई म्हणाली, तोंडातला चिमटा काढत. "पुन्हा विचारलंस तर नको म्हणावं लागेल मला."

मी पुन्हा विचारलं नाही. गवतातली चिमट्यांची टोपली उचलली आणि तिच्या हाताशी धरून उभी राहिले.